घरचा सायलेन्सर

गाडीचा सायलेन्सर कुजलाय, हे तिसऱ्या गॅरेजवाल्यानंही सांगितलं तेव्हा तपासनिसांची खात्रीच पटली की तिघांचं आपसात संगनमत आहे. एकानं सांगितलं असतं तर चूक समजून सोडून दिलं असतं. दोघांनी सांगितलं असतं तर योगायोग. पण तीन वेगळ्या रस्त्यांवरची तीन माणसं एकच वाक्य बोलतात, आणि तिसरा तर गाडीखाली न वाकताच बोलतो, म्हणजे काय समजायचं?

"वाकायचं कशाला, साहेब?" तो म्हणाला. "तुम्ही चौकात वळलात तेव्हाच ऐकलं मी."

हे उत्तरही तपासनिसांना पाठ केल्यासारखं वाटलं.

यात त्यांचा स्वभाव थोडा आणि नोकरी जास्त. विमा कंपनीत ते दावे तपासायचे. कुणाचं दुकान जळतं, कुणाच्या गोदामात पाणी शिरतं, कुणाची गाडी आपली आपण उतारावरून जाऊन भिंतीवर आपटते. आणि खरंच ती आपली आपण गेली का, हे बघायला कंपनी तपासनिसांना पाठवायची. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत "कशावरून?" विचारायची सवय त्यांना तिथे लागली आणि ती त्यांच्याबरोबर घरी राहायला आली. बायकोनं "आज फार उकडतंय" म्हटलं तरी "कशावरून?" सुरुवातीला ती उत्तरं द्यायची. मग तिनं बोलणंच आखडतं घेतलं. आता ती "गॅस संपला", "पाणी आलं", "जेवायला वाढलंय" एवढंच बोलायची. या विधानांना पुरावा दाखवता येत होता. तपासनिसांना वाटायचं, किती समंजस बाई आहे, वायफळ बडबड म्हणून नाही.

असो. सायलेन्सरचं सांगत होतो. गाडी जुनी, बनवणाऱ्या कंपनीनं ते मॉडेल केव्हाच बंद केलेलं, तयार माल कुठेच मिळेना. आवाज मात्र असा की गाडी कोपऱ्यावर आली की इमारतीतल्या खिडक्या थरथरायच्या आणि तिसऱ्या मजल्यावरचं तान्हं बाळ रडायला लागायचं. तिन्ही गॅरेजवाले म्हणाले, बनवूनच घ्यावा लागेल. आणि बनवणारा माणूस तिघांनाही एकच ठाऊक होता! तपासनीस मनाशी हसले. एवढा उघड डाव तर नवशिका दावेदारसुद्धा टाकत नाही. त्यांनी ठरवलं, सायलेन्सर घरीच करायचा.

हे त्यांनी मेहुण्याजवळ बोलून दाखवलं आणि पहिली चूक झाली. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. जगातलं कुठलंही काम अवघड आहे, असं त्याला आयुष्यात कधी वाटलेलं नाही.

"भाऊजी, सायलेन्सर म्हणजे काय हो शेवटी? एक डबा. त्यात भोकं पाडलेली नळी. मधल्या जागेत काचेची लोकर ठासायची. दोन्ही टोकं वेल्डिंगनं बंद. झालं!"

"तुला वेल्डिंग येतं?"

"वेल्डिंगचा कोर्स केलाय मी."

"पूर्ण?"

"भाऊजी, तुम्ही ना, माणसाला उभंच करत नाही."

तो कोर्स त्यानं अर्धवट का सोडला असावा, याबद्दल तपासनिसांच्या मनात शंका होती. ती पुढे फिटली.

नळी मिळाली. हार्डवेअरच्या दुकानात तपासनिसांनी ती लोहचुंबक लावून पाहिली, नखानं खरवडून पाहिली, एका टोकातून डोळा लावून आरपार पाहिली. दुसऱ्या टोकाला दुकानदाराचा डोळा होता. "काही दिसतंय का?" त्यानं विचारलं. तपासनिसांना तो प्रश्न खोचक वाटला. पण डब्यासाठी जो पत्रा त्यानं दाखवला तो त्यांना पटेना. पातळ होता. दाबला की टिकटिक वाजायचा. "असाच येतो पत्रा," दुकानदार म्हणाला. कशावरून, हे त्याला सांगता आलं नाही.

घरी आले, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याखाली त्यांना पिठाचा डबा दिसला. सासूबाईंनी दिलेला. जाड, जुन्या घडणीचा, अंगानं लांबोळका, स्टीलचा. तपासनिसांनी तो बोटानं वाजवून पाहिला. आवाज आत कुठेतरी जिरून गेला. ज्याच्या अंगातच आवाज जिरतो असा डबा बाजारात शोधून सापडणार नव्हता.

बायको भाजी आणायला बाहेर पडली तशी त्यांनी आतलं पीठ दोन पातेल्यांत काढलं, पातेल्यांवर झाकणं ठेवली, सांडलेलं पीठ फडक्यानं टिपलं आणि डबा चादरीत गुंडाळून खाली नेला. आयुष्यभर लोकांच्या लबाड्या पकडलेल्या माणसाला लबाडी कशी करू नये हे पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे त्यांना अजिबात धाकधूक वाटली नाही. निदान जिन्यापर्यंत तरी.

बायको परत आली. स्वयंपाकघरात पातेल्यांची झाकणं उघडल्याचा आवाज झाला. मग ती बाहेर आली आणि म्हणाली, "पिठाचा डबा नाही."

"नाही म्हणजे?"

"चोरीला गेलाय. तुम्ही तपास करा ना."

आता आली का पंचाईत! नाही म्हणावं तर संशय, हो म्हणावं तर स्वतःचाच माग काढायचा. तपासनिसांनी चष्मा पुसला आणि चौकशी सुरू केली. घटनास्थळाची पाहणी झाली. वाकून वाकून त्यांनी ओट्याखालची फरशी तपासली. "चोरानं पीठ काढून ठेवलं," ते म्हणाले. "वर झाकणही घातलं. म्हणजे माणूस घरगुती वळणाचा दिसतो."

"हो ना," बायको म्हणाली. "फक्त कुठलं झाकण कुठल्या पातेल्याचं, ते काही त्याला माहीत नव्हतं."

हे वाक्य नेहमीपेक्षा लांब होतं. तपासनिसांच्या ते लक्षात यायला हवं होतं.

जबाब घेतले गेले. धुण्याभांड्याच्या मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "साहेब, तो डबा सरकवून खालची फरशी पुसताना माझा जीव जायचा. कुणी नेला असेल तर देव त्याचं भलं करो." मेहुण्याचा जबाब घेताना मोठी कसरत झाली, कारण तो सहआरोपी होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं. शेवटी "प्रकरण अनिर्णित" असा शेरा देऊन तपासनिसांनी तपास थांबवला. बायकोनं फक्त "बरं" म्हटलं.

इकडे खाली पार्किंगमध्ये काम सुरू झालं आणि इमारत गोळा झाली. खालच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापक राहायचे. ते खुर्ची घेऊनच आले. भोकं नळीला समांतर पाडावीत की तिरकी, यावर त्यांनी दोन्ही बाजूंनी विवेचन केलं आणि कुठल्याच बाजूला उतरले नाहीत. मग सोसायटीचे सेक्रेटरी आले.

"काय बनवताय?"

"सायलेन्सर."

"नक्की?" सेक्रेटरींनी डब्याकडे, नळीकडे, काचेच्या लोकरीच्या गाठोड्याकडे पाहिलं. "कारण आवारात ठिणगी पाडायची तर कमिटीचा ठराव लागतो. आणि ठराव कशाचा करायचा, हे कमिटीला कळायला लागतं."

आपल्यावर कुणी संशय घेतोय, ही भावना तपासनिसांना नवीन होती. त्यांना ती मुळीच आवडली नाही. "सायलेन्सर म्हटलं ना तुम्हाला," ते म्हणाले.

"कशावरून?" सेक्रेटरी म्हणाले.

मुख्याध्यापकांना त्या क्षणी जोराचा खोकला आला.

अखेर तोंडी परवानगी मिळाली आणि सेक्रेटरी लिफ्टनं वर निघाले. नेमकं तेव्हाच मेहुण्यानं वेल्डिंगचं मशीन सुरू केलं. सगळ्या इमारतीतले दिवे एकदा मोठे झाले, मग मिणमिणले, मग गेले. दोन मजल्यांच्या मधोमध अडकलेल्या लिफ्टमधून सेक्रेटरींनी परवानगी मागे घेतली. ती सर्वांना स्वच्छ ऐकू आली. मुख्याध्यापक म्हणाले, तांत्रिकदृष्ट्या पाहता लिफ्टमधून दिलेला निर्णय अंतिम मानता येणार नाही. ते ऐकून लिफ्टमधून आणखी काही आलं, ते लिहिण्यासारखं नाही.

वीज परत आली, सगळी मंडळी सेक्रेटरींना लिफ्टमधून काढायला वर गेली आणि खाली हे दोघंच उरले. वेल्डिंगमध्ये डब्याला दोन ठिकाणी भोकं पडली. ती बुजवताना तिसरं पडलं. तिसरं बुजवताना एक ठिणगी उडाली आणि कुणाच्या तरी बाहीत शिरली. घरी गेल्यावर तपासनिसांनी सांगितलं, ठिणगी मेहुण्याच्या बाहीत शिरली, तो घाबरून गाडीच्या बॉनेटवर चढला आणि आपण त्याला धीर दिला. बायकोनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि ताट वाढलं.

पण सायलेन्सर झाला! दिसायला म्हणाल तर अंगावर गाठी उठलेल्या एखाद्या जनावरासारखा, पण झाला. गाडीखाली बसवला, किल्ली फिरवली, आणि काही झालंच नाही. "सुरूच होत नाही," मेहुणा म्हणाला. तपासनिसांनी बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट थरथरत होतं. गाडी चालू होती. फक्त बोलत नव्हती.

एकच गोष्ट. डब्याच्या सांध्यांत थोडं पीठ राहिलं होतं. गाडी तापली की मागून भाजल्या पिठाचा खमंग वास यायचा.

प्रदूषण चाचणीच्या केंद्रावर तिथला माणूस म्हणाला, "गाडी चालू करा."

"चालूच आहे."

त्यानं कान लावला. मग नाक लावलं. मग वाकून पाहिलं आणि सावकाश सरळ झाला. "यावर कंपनीची खूण नाही. बनवणाऱ्याचं पत्र आणा."

"बनवणारा मीच आहे."

"मग तुम्ही लिहा. सायलेन्सर उत्तम आहे, मी स्वतः तपासलाय, म्हणून."

तपासनीस बाकावर बसले. ज्याचा माल त्यानंच प्रमाणपत्र द्यायचं! असले कागद त्यांनी उभ्या आयुष्यात शेकड्यांनी फेटाळले होते. एकेका शब्दावर थबकत त्यांनी पत्र लिहिलं आणि सही केली. त्या माणसानं ते न वाचताच शिक्का मारला. तपासनिसांना यातून बाहेर पडल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण त्यांना वाईट वाटलं. एवढ्या संशयास्पद कागदावर निदान एखादा प्रश्न तरी विचारायचा!

जेवताना त्यांनी हे बायकोला थोडक्यात सांगितलं. ती "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कचेरीतून आले. गाडी आवारात शिरली तरी वॉचमन पाय पसरून गाणं गुणगुणत होता; बाळ रडलं नाही; एकही खिडकी हलली नाही. तपासनीस प्रसन्न मनानं जिना चढू लागले, तोच वरून सेक्रेटरी धावत उतरले, त्यांना पाहून दचकले आणि "वा, वा" म्हणत निघून गेले. त्यांच्या मागून मुख्याध्यापक. हातात चप्पल. तीही एकच.

घरात बायको उभी होती. तोंड लालबुंद, डोळ्यांत पाणी. "कांदा," ती म्हणाली. तपासनीस आपल्या खुर्चीत बसले आणि उठले. खुर्ची गरम होती. मग ते पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. मोरीत चहाच्या कपांचा ढीग पडला होता. कांदा कुठेच नव्हता.

"कोण आलं होतं?"

"कुणी नाही."

"मग एवढे कप?"

"मीच प्यायले."

त्या रात्री तपासनिसांचं जेवणात लक्ष लागलं नाही. दहा वर्षांत जिनं कधी पुराव्याशिवाय वाक्य उच्चारलं नाही, ती बाई आज त्यांच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलली होती.

पुढच्या संध्याकाळी ते गाडीतूनच नजर ठेवून आले. मुख्याध्यापक आपल्या गॅलरीत उभे होते आणि रस्त्याकडे पाहत होते. गाडी दिसताच ते आत वळले आणि त्यांनी ताटलीवर चमचा वाजवला. टण् टण् टण्! वर कुठेतरी खुर्च्या सरकल्या. तपासनीस घरात पोचले तेव्हा कप धुऊन पालथे घातलेले होते, आणि बायको खिडकीशी बसून दोरा ओवत होती. सुईशिवाय.

मग मात्र त्यांच्या मनानं घेतलं ते घेतलंच. रोज, आपल्या पाठीमागे, आपल्याच घरात काहीतरी चाललंय. सेक्रेटरी त्यात आहेत. मुख्याध्यापक त्यात आहेत. पहारे बसतायत. आणि आजवर हे आपल्याला कळलं नाही, कारण आपली गाडी दोन गल्ल्या आधी त्यांना वर्दी द्यायची! कचेरीत त्यांनी एका जळलेल्या गोदामाचा दावा डोळे मिटून मंजूर केला. साहेबांनी बोलावून तब्येत विचारली.

त्या दिवशी तासभर आधीच निघून त्यांनी गाडी मागच्या गल्लीत लावली, कचराकुंडीच्या बाजूनं आवारात शिरले, जिन्याच्या पायथ्याशी बूट काढून हातात घेतले आणि मोज्यांवर वर चढले. दार लोटलेलं होतं. आतून हशा आला. भरपूर माणसांचा. मग सेक्रेटरींचा आवाज, "आणि शंकासुर काय म्हणाले?"

शंकासुर कोण, हे समजायला तपासनिसांना एक श्वास लागला.

"शंकासुर म्हणाले," बायको म्हणाली, आणि मग जो आवाज आला तो तपासनिसांचा होता. हुबेहूब. घसा साफ करण्यासकट. "‘चोरानं पीठ काढून ठेवलं. वर झाकणही घातलं. माणूस घरगुती वळणाचा दिसतो!’ आणि मी उभी. चादरीला पीठ, यांच्या कोपराला पीठ, भुवईला पीठ, आणि हे ओट्याखाली वाकून चोर शोधतायत!"

हशा फुटला. मावशींचा आवाज सगळ्यात वर होता. दाराच्या फटीतून तपासनिसांनी पाहिलं. बायको खोलीच्या मधोमध वाकून चालत होती, नाकावरचा नसलेला चष्मा सावरत, एक हात पाठीवर. मग ती सरळ झाली आणि चाचणी केंद्रावरचा माणूस झाली. मग पुन्हा तपासनीस झाली आणि स्वतःला प्रमाणपत्र लिहून देऊ लागली, एकेका शब्दावर थबकत, स्वतःकडेच संशयानं बघत. ती केंद्रावर आलेली नव्हती. त्यांनी जेवताना जी चार कोरडी वाक्यं सांगितली होती त्यांतून तिनं हे सगळं उभं केलं होतं. म्हणजे ती ऐकत होती. शब्दन् शब्द ऐकत होती.

तपासनिसांना राग यायला हवा होता. आलाही. पण त्या रागाच्या मधेच एक भलतीच गोष्ट झाली. प्रमाणपत्राच्या सहीपाशी त्यांच्या नाकातून फुर्रकन हसू निसटलं, आणि हातातला एक बूट खाली पडला.

आतला हशा मधेच तुटला. तपासनिसांनी दार ढकललं.

"कमिटीची मीटिंग होती," सेक्रेटरी म्हणाले.

"मी पेपर मागायला आलो होतो," मुख्याध्यापक त्याच क्षणी म्हणाले.

"दीदीला बरं नव्हतं," मेहुणा म्हणाला. तोही होता!

मावशींनी शांतपणे चहाचा घोट घेतला.

बायको भिंतीला टेकून उभी होती. चेहऱ्यावरची सगळी माणसं निघून गेली होती. "चहा टाकते," ती हळूच म्हणाली. पुन्हा तेच चिमूटभर वाक्य. तपासनिसांना ते आज प्रथमच नीट ऐकू आलं. गेली कित्येक वर्षं रोज संध्याकाळी गाडीचा आवाज आला की ही बाई अशीच गप्प होत असणार, आणि आपण त्याला समंजसपणा समजत होतो.

त्यांनी बूट उचलला. दुसरा हातातच होता.

"ते बॉनेटचं सांगून झालं?" त्यांनी विचारलं.

मेहुण्यानं बहिणीकडे पाहिलं.

"सांगितलं," शेवटी बायको म्हणाली. "हा कसा घाबरून बॉनेटवर चढला, ते."

"तो नाही चढला." तपासनीस मोज्यांवरच खोलीच्या मधोमध आले. "ठिणगी माझ्या बाहीत गेली होती. मी चढलो. आणि चढल्यावर मी… मी याला म्हणालो, अरे, लेखी कळव कुणाला तरी!"

मेहुणा ओरडला, "खरंय! असंच म्हणाले! मी शपथेवर सांगतो!" आणि सेक्रेटरींनी गुडघ्यावर थाप मारली, मुख्याध्यापकांना खरा खोकला आला, आणि मावशींच्या कपातला चहा सांडला. पण तपासनीस त्यांच्याकडे बघत नव्हते. बायको तोंडावर पदर दाबून हसत होती, खांदे हलत होते, आणि मग तिनं पदर सोडला आणि मोठ्यानं हसली. त्यांच्यासमोर.

माणसं पांगली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. जाताना मुख्याध्यापकांनी दाराशी थांबून, उद्याचं काय, असं काहीतरी पुटपुटत विचारलं, आणि उत्तर न घेताच गेले.

बायको कप गोळा करत होती. "राग आला?" तिनं विचारलं.

"आला."

"खूप?"

तपासनीस खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तिनं ते बारकाईनं पाहिलं. "मी खरंच तसा चालतो?" ते म्हणाले. "तसा, वाकून?"

तिनं कप खाली ठेवले. एक हात पाठीवर घेतला आणि ती खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मधेच थबकून तिनं फरशीवरचं काहीतरी संशयानं निरखलं, मान हलवली आणि पुढे चालू लागली. कोपऱ्यात पोचून ती वळली आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

"पुन्हा एकदा चाल," तपासनीस म्हणाले.